उंबराखालचं कोणी उचलायचं

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळ. ठिकाण: चिखलोलीत आमच्या सोसायटीमागची नगरपालिकेची बाग. हजर: मी, माझे मिस्टर, बी विंगचे काका, सेक्रेटरींच्या घरच्या वहिनी, आमच्या मजल्यावरचे सिंधी भाऊ (त्यांचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे) आणि आणखी दहा-बारा जण. सेक्रेटरी स्वतः येणार होते. ते नाश्त्याच्या वेळी आले.

बाग म्हणजे फार काही नाही. झोपाळे, घसरगुंडी, चालायला फरशीची वाट आणि कुंपणाला लागून एक जुना उंबर. ठेकेदाराची बाई येते तेव्हा येते, वाट झाडते आणि जाते. बाकीचं कोणी उचलायचं हा प्रश्न सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघायचा आणि चहा आला की संपायचा. मग आमच्या विंगमधली पहिलीतली एक मुलगी अनवाणी खेळताना उंबराकडे गेली आणि तिच्या पायात काच घुसली. टाके पडले. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी चहा येण्याआधी रविवार ठरवून टाकला.

काच तसबिरीची होती. उंबराखाली लोक देव आणून ठेवतात. फुटक्या तसबिरी, रंग उडालेल्या मूर्ती, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये निर्माल्य, चुनऱ्या, देवांची चित्रं असलेली जुनी कॅलेंडरं, वर गणपती छापलेला असतो म्हणून लग्नपत्रिकासुद्धा. घरात ठेवायचं नाही आणि कचऱ्यातही टाकायचं नाही असं जे काही असतं, ते अंधार पडल्यावर उंबराखाली येतं. ठेवणारा नमस्कार करतो आणि मोकळा होतो. पिशवीतलं सडतं, घुशी पिशव्या फाडतात, काचा पसरतात.

कामावरून वाद नको म्हणून मी बागेचे भाग पाडले आणि चिठ्ठ्या केल्या. वेफरची पाकिटं आणि बाटल्या, घसरगुंडीमागचं, गेटजवळचं, कुंपणाकडचं, उंबराखालचं. हातमोजे आणले, गोणपाटं आणली, घंटागाडीवाल्याला उशिरा यायला सांगून ठेवलं. मी कारखान्यात स्टोअर सांभाळते, मला अशी कामं जमतात.

चिठ्ठ्या करण्यामागे आणखी एक कारण होतं. आम्ही बौद्ध. माझं लहानपण उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलं. आजूबाजूला कुठेही गटार तुंबलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं कोणाच्या दारात येऊन उभी राहायची, ते मी पाहिलेलं आहे. माझे वडील लेथवर काम करायचे. गटाराशी त्यांचा संबंध नव्हता. तरी ती माणसं आमच्याच दारात यायची, आणि किती गोड बोलायची. म्हणून या बागेत कोण काय उचलणार ते चिठ्ठीनं ठरावं, दुसऱ्या कशानंही नाही, एवढी एक गोष्ट मला हवी होती.

उंबराखालची चिठ्ठी काकांना आली. काका रिटायर्ड, रोज सकाळी सोसायटीच्या मंदिरात पहिली घंटा त्यांची. ते हातमोजे घालून उंबराखाली गेले, पाहून परत आले आणि त्यांनी हातमोजे काढून माझ्याकडे दिले.

"हे मला जमायचं नाही. हा कचरा नाही, देव आहेत."

"काका, काच कोणाच्या पायात गेली ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण मी देव घंटागाडीत घालणार नाही."

सिंधी भाऊ बाटल्यांची गोणी ओढत चालले होते. ते थांबले. "साईं, देव को घर से आपण लोकांनी बाहेर काढला. तब पाप नहीं लगा? आता उचलला तर लागतो?"

काही जण हसले. काका हसले नाहीत. "तुम्ही धंद्याचं बोला," ते म्हणाले.

मी म्हटलं, घंटागाडीत नको तर वेगळ्या गोणीत भरा, पुढचं मी बघते. काका म्हणाले, हात लावायचाच नाही. मी म्हटलं, चिठ्ठी तुम्हाला आलीय. ते म्हणाले, "चिठ्ठी तुम्ही केली. देवाला ती लागू नाही."

तेव्हा वहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"ताई, राग मानू नका हं. तुम्हीच उचला ना. तुमच्यात हे काही नसतं."

"काय नसतं?"

"म्हणजे देवाचं वगैरे. तुम्ही मानत नाही ना. तुम्हाला काही लागायचं नाही. आमचंही काम होईल."

वहिनी वाईट बाई नाहीत. हे वाक्य मी अनेकदा स्वतःला सांगितलेलं आहे. गणपतीत सोसायटीचे एकवीस मोदक त्यांच्याकडे होतात. पहिल्या वर्षी मी उकड मळायला म्हणून गेले, तर त्यांनी मला दारातच हसून सांगितलं, "तुम्ही खुर्च्यांचं आणि मंडपाचं बघा, तुमच्याइतकं नीट कोणाला जमतं?" तेव्हापासून दर वर्षी खुर्च्या आणि मंडप माझ्याकडे आहेत. मला ते कौतुक वाटायचं. नव्या मूर्तीच्या जवळपास माझा हात नको होता आणि जुनी मूर्ती उचलायला माझाच हात हवा होता, आणि दोन्ही वेळा आवाज तोच, गोड.

बाकीचे आपापल्या गोण्यांकडे बघत होते. कोणी वाईट वाटून, कोणी काम होईल या आशेनं. मला त्यांच्यातला फरक करता आला नाही. काका उंबराकडे पाठ करून उभे होते.

एवढ्यात माझे मिस्टर पुढे आले. भांडण झालेलं त्यांना सोसत नाही. त्यांनी काकांचे हातमोजे माझ्या हातातून घेतले, गोणी उघडली आणि वाकले.

"जाऊ दे ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो, हात लावू नका."

"अगं पण..."

"गोणी खाली ठेवा."

मी आवाज चढवला नव्हता, पण गेटपर्यंत ऐकू गेलं असावं. त्यांनी गोणी ठेवली. मी वहिनींना म्हटलं, "आम्ही मानत नाही, म्हणून आम्ही इथे काही आणूनही ठेवलेलं नाही. जे मानतात त्यांनी आणलं, ते उचलतील."

वहिनी म्हणाल्या, "बघा, मी साधं बोलले होते." मग त्या नाश्त्याच्या पिशव्या सोडायला गेल्या. सेक्रेटरी आले, वडापाव झाले, फोटो झाले. फोटो घसरगुंडीच्या बाजूला घेतला, म्हणजे उंबर येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर खाली लिहिलं होतं: स्वच्छ बाग, आपली बाग. काकांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. घंटागाडी आली, गोण्या घेऊन गेली. बाग खरोखर स्वच्छ दिसत होती, तेवढा कोपरा सोडला तर.

घरी जिना चढताना मिस्टर म्हणाले, "तू बरोबर बोललीस. पण काच तिथंच राहिली."

मला त्यांचा राग आला, कारण ते खरं होतं.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की ज्यांनी उंबराखाली जे ठेवलं असेल ते त्यांनी शनिवारपर्यंत घेऊन जावं, गोणी मी देईन. बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला. वहिनींनीही दाखवला. शनिवारी गोणी न्यायला कोणी आलं नाही. रविवारी सकाळी पाहिलं, तर उंबराखाली हळदी-कुंकवाच्या वाणाची रिकामी खोकी आणि एक नवी तसबीर होती, काचेसकट.

त्या मुलीचे टाके निघाले आहेत. तिची आई परवा लिफ्टमध्ये भेटली. मुलगी बागेत जायचं म्हणून हट्ट करते, ती म्हणाली. मग विचारलं, "ताई, ते उचललं का हो?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"मग कोण उचलणार?"

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. मुलीला चपला घालूनच पाठवा, असं सांगून मी बाहेर पडले. उंबराखालचं काम बाकी आहे.