हौदावरची फळी

लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर आम्ही दोघंच पहिल्यांदा कुठेतरी गेलो. हैदराबादला, दोन रात्री, फक्त म्युझियमं बघायला. हे भूमापन खात्यात आहेत. जुनी मापं, साखळ्या, तराजू, घड्याळं दिसली की यांचे पाय तिथून हलत नाहीत, आणि मुली बरोबर असल्या की दहा मिनिटांत भूक, शू आणि भांडण सुरू होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मुलींना घरी ठेवायचं ठरलं. थोरली तेव्हा चौदाची होती, धाकटी आठची. मोडनिंबहून सासूबाई सोबतीला आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. पिशवी खाली ठेवता ठेवताच त्या म्हणाल्या, "जावा की. मी हाय न्हवं."

मी सूचनांचा कागद फ्रिजवर लावला. दूध, इडलीचं पीठ, आत्यांच्या गुडघ्याचं औषध, शेजारच्या काकूंचा नंबर. शेवटचा मुद्दा पाण्याचा होता. आमच्याकडे जुळे सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते नेमकं आम्ही नसताना, शुक्रवारी सकाळी येणार होतं. अंगणात जमिनीखाली बांधलेल्या हौदात नळ सोडलेला आहे. हौद किती भरला हे झाकण काढून बघावं लागतं. झाकण लोखंडी, जड, आकड्याने ओढायचं. ते काम मी कुणाला करू देत नाही. एकदा माझाच अंगठा त्याखाली सापडला होता. त्यामुळे मुलींना सक्त ताकीद होती, झाकणाला हात लावायचा नाही.

मग शुक्रवारी काय करायचं? मी निघायच्या आदल्या दिवशी झाकण ओढून भिंतीला टेकवलं आणि हौदावर जुन्या कपाटाच्या पाठीची प्लायवूडची फळी टाकली. हलकी, थोरलीला एका हाताने उचलता येईल अशी. कचरा आत जाऊ नये म्हणून तिच्यावर पायपुसणं अंथरलं. बोटं वाचली, काम झालं, असं मला वाटलं. यांना दाखवलंही नाही. हे यादी करत होते, चार म्युझियमांची.

गुरुवारी पहिलं म्युझियम झालं. संध्याकाळी मुलींशी बोलले, सगळं ठीक होतं. रात्री गाढ झोपले.

शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला आम्ही दुसऱ्या म्युझियममध्ये होतो. मोबाइल आत नेऊ देत नव्हते. दोघांचे फोन दारातल्या खिडकीवर जमा करून त्याचं पितळी टोकन यांच्या खिशात होतं. हे पुढे गेले, मी कापडांच्या दालनात रेंगाळले. तिथे एका कोपऱ्यात फरशीचं काम चालू असावं. खड्ड्यावर प्लायवूड टाकून वरून गालिचा पसरला होता. मला ते कळलं नाही. मी पाय ठेवला आणि तो बोटभर खाली गेला.

पहारेकरी हात हलवत आला, तेलुगूत काहीतरी म्हणाला. मी बाजूला झाले. पण पायाला जे कळायचं ते कळलं होतं. मी हौदावर फळी टाकली होती आणि ती पायपुसण्याने झाकली होती. बघणाऱ्याला ते नुसतं पायपुसणं दिसणार होतं. धाकटी दिवसभर अंगणात लंगडी घालते. चौकोन दिसला की त्यात उडी मारते. हौद माझ्या खांद्यापर्यंत खोल आहे आणि आज पाण्याचा दिवस होता.

मी यांना शोधायला निघाले. त्या इमारतीत एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशीच वाट होती. मागे फिरायला गेले तर पाटी पुढे जा म्हणत होती. तलवारी, हस्तिदंत, चिनी भांडी. शाळेच्या सहलीची एक रांग आडवी आली. ती संपेपर्यंत मी उभी राहिले आणि मनात हिशेब करत राहिले, काय करणार, गणित शिकवते. धाकटीचं वजन बावीस किलो. उडी मारली की दुप्पट-तिप्पट धरायचं. फळीची जाडी करंगळीच्या नखाएवढी. त्यात ती फळी दोन पावसाळे गच्चीत पडून होती. उत्तर मला यायला लागलं तसं मी हिशेब सोडून दिला.

हे घड्याळांपाशी सापडले. मी म्हणाले, "टोकन द्या."

"काय झालं?"

"हौदावर मी फळी टाकून आलेय. झाकण बाजूला आहे."

"कसली फळी?"

"कपाटाच्या मागची."

यांनी लगेच खिसे चाचपले, टोकन काढलं आणि माझ्यापुढे चालायला लागले, जवळजवळ धावतच. तेव्हा मला जास्त भीती वाटली. हे "काही होत नाही गं" म्हणणारे गृहस्थ आहेत.

घरच्या फोनची रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारच्या काकूंना लावला, त्याही उचलेनात. म्युझियमच्या पायऱ्यांवर उन्हात उभी राहून मी आलटून पालटून हे दोनच नंबर लावत होते. हे शेजारी उभे राहून स्वतःच्या फोनवरून तेच करत होते, त्यामुळे मध्येच नंबर बिझी लागायचा आणि क्षणभर वाटायचं, कुणीतरी बोलतंय. शेवटी मी यांना थांबायला सांगितलं.

सातव्या की आठव्या वेळी आत्यांनी उचलला.

"जेवलाव का तुमी?"

"आत्या, धाकटी कुठाय?"

"हितं न्हाय."

"मग कुठाय?"

"दवाखान्यात नेलीय की. शेजारनीनं."

मी पायरीवर बसले. यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला. हे विचारत होते, कुणाला नेलं, कशानं, आणि आत्या सांगत होत्या की दोघी गेल्यात, रगात लई आलं, रिक्षा मिळंना, मग शेजारणीनं स्कूटीवर नेलं. रगात ऐकलं आणि माझ्या डोक्यात एक विचित्र गोष्ट झाली. मला बरं वाटलं. बुडालेल्या मुलीचं रक्त येत नाही. आई म्हणून हे लिहायला बरं नाही, पण तेव्हा तसंच वाटलं.

दहा मिनिटांनी काकूंच्या फोनवरून थोरलीच बोलली. आवाज बारीक झाला होता.

"आई, रागावू नको. झाकणाला मी हात लावला."

पाणी आलं म्हणून तिने फळी उचलून बघितलं, परत ठेवली. थोड्या वेळाने धाकटी पायपुसण्यावर लंगडीची उडी मारणार एवढ्यात हिने तिला मागून फ्रॉकला धरून ओढलं. का ओढलं हे तिला नीट सांगता येईना. उचलताना फळीच मधे वाकली होती, एवढंच म्हणाली. मग दोघींनी मिळून भिंतीला टेकवलेलं झाकण ओढत आणलं. मी आकडा उंच खिळ्यावर टांगून ठेवला होता, म्हणून हातानेच. झाकण बसलं, पण तिचं मधलं बोट खाली राहिलं. तीन टाके पडले, नख गेलं.

"मला लगेच फोन का नाही केलास?"

"तू हात लावू नको म्हणाली होतीस ना."

आम्ही दुपारच्या बसने निघालो. उरलेली दोन म्युझियमं तशीच राहिली. बसमध्ये हे एकदाच बोलले. म्हणाले, मला दाखवायचीस तरी. मी म्हणाले, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळी अंगणात भिंतीला टेकवलेली होती. यांनी ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि एक पाय टेकवला. जोर दिला नाही, नुसता टेकवला. ती मधोमध मोडली. धाकटी दात घासत बघत होती. तिने विचारलं, बाबांचं वजन किती आहे? मी तुकडे उचलून बंबाजवळ ठेवले.

त्याच आठवड्यात वेल्डरकडून दोन अर्ध्यांचं, बिजागरीचं झाकण करून घेतलं. ते एका हाताने उघडतं. इतकी वर्षं ते का केलं नाही, याला माझ्याकडे कारण नाही. काम माझ्या हातात आहे तोवर धोका नाही, असं मी धरून चालले होते.

थोरलीचं नख परत आलं, पण मधोमध उभी रेघ आहे. पाण्याच्या दिवशी आता झाकण तीच उघडते. मी दोन हात लांब उभी असते. ती आत वाकून पाणी बघते आणि मान वर न करता म्हणते, "आई, उजेड अडवू नको. सरक."

मी सरकते.