पाच जोड्यांचा बोर्ड

बुलढाण्याच्या एका कॉलेजने भंगारवाल्याकडून टेलिफोनचा जुना स्विचबोर्ड विकत घेतला. तरुणपणी मी जवळच्याच एका गावी, एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, हे तिथल्या इतिहासाच्या सरांना कुठून तरी कळलं. त्यांनी मला तो ओळखायला बोलावलं.

सागवानी पेटी, पन्नास नंबर, प्रत्येक नंबरावर पितळी झडप. कोणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की इकडे त्याची झडप खाली पडायची. मग आम्ही त्या नंबरात कॉर्ड खोचायचो, कोण हवंय ते विचारायचो आणि जोडीची दुसरी कॉर्ड त्या माणसाच्या नंबरात लावायचो. आता कॉर्ड एकही उरली नव्हती. मी एक झडप बोटाने वर ढकलली. ती टक् करून बसली. तोच आवाज.

"मॅडम, हा तुमचाच बोर्ड ना?" सरांनी विचारलं. पोरंपोरी मोबाइल धरून उभी होती.

"हाव, हाच तो," मी म्हणाले. टाळ्या वाजल्या.

देऊळघाटला घरी परतताना ऑटोतच मी तो बोर्ड पुन्हा मनात आणून पाहू लागले. काहीतरी चुकलं होतं. काय, ते कळेना. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

"काऊन येरझारा घालून राह्यल्या, आई?" सुनेने विचारलं.

"मले त्या बोर्डाचं काहीतरी खटकून राह्यलं."

"टाळ्या वाजल्या ना? सोडा मंग."

सुटेना. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडता निवडता एकदम ती दुपार आठवली.

आमच्याकडे कॉर्डच्या पाचच जोड्या होत्या. म्हणजे एका वेळी पाचच बोलणी. त्या दुपारी पाचही अडकल्या होत्या आणि सहावी झडप पडली. एका खेड्यातला एकुलता एक फोन. मी झडप वर ढकलली, ती पुन्हा पडली. पुन्हा ढकलली, पुन्हा पडली. हातात कॉर्ड नाही, तर विचारणार तरी कसं? शेवटी कापसाच्या दोन व्यापाऱ्यांचं बोलणं चालू होतं, ती जोडी मी सरळ उपसली.

"बाई, पोराच्या अंगावर उकळतं पाणी पडलं! डॉक्टरले लावा!"

लावला. व्यापाऱ्यांनी तक्रार केली, साहेबांनी लेखी खुलासा मागितला. 'पाचही जोड्या अडकलेल्या होत्या,' हे मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं. काही दिवसांनी त्याच नंबरावरून तोच माणूस बोलला, "पोरगा खेळून राह्यला, बाई." त्याला कोणता नंबर हवाय, ते मी विचारायचंच विसरले.

भाजी तशीच टाकून मी कॉलेज गाठलं आणि बोर्डाच्या फळीवरची, कॉर्डची रिकामी भोकं मोजली. पुढच्या ओळीत दहा, मागच्या ओळीत दहा.

"हा आमचा नाही, सर. मी चुकीचं सांगितलं."

"पण मॅडम, बोर्डावर तुमच्या एक्स्चेंजच्या नावाचं कार्ड छापून लावलं. आता कोणाले कळते?"

"मले कळलं ना."

सरांनी वाकून, मोबाइलचा उजेड पाडून स्वतः भोकं मोजली आणि कार्ड काढून घेतलं. "मग हा कुठला?"

"कोण्या मोठ्या गावचा असन. मले माहीत नाही. तुम्ही एवढंच लिहा: ऑपरेटरचा बोर्ड, पन्नास नंबर, दहा जोड्या."

त्यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने तसंच लिहिलं. मला वाटलं होतं, आता तरी मन थाऱ्यावर येईल. पण मग आमचा बोर्ड गेला कुठे? कोणी फोडला, की कुठे पडून आहे अजून? निघताना मी सरांकडून त्या भंगारवाल्याचा पत्ता घेतला. सुनेला सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, "मी येतो संगं. एकट्या जाऊ नका." सोमवारी जाणार आहोत.