दुसऱ्या लाँड्रीची खूण

चार दिवस आभाळ तोंड फुगवून बसलं होतं. धड पडत नव्हतं, धड उघडत नव्हतं. मागच्या गच्चीवर टाकलेल्या चादरी सकाळी हात लावून पाहाव्यात, तर आदल्या संध्याकाळी होत्या तेवढ्याच ओल्या. भिंगबाईनं एकेक चादर चिमटीत धरली, गालाला लावली आणि वर असं पाहिलं की जणू हे सगळं आभाळ मुद्दाम तिच्यासाठीच करतंय.

भिंगबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. लाँड्रीत कपडा आला की ती तो आधी उजेडात धरायची, मग उलटा करायची, मग नाकाला लावायची. डाग कशाचा, कधीचा आणि गिऱ्हाईक त्याबद्दल किती खोटं बोलतंय, हे सगळं कपडा तिला सांगायचा. चहा सांडला म्हणून एकानं सदरा आणला, तर तिनं त्याच्या बायकोदेखत वास घेऊन सांगितलं की चहाला असा वास येत नाही. ते जोडपं पुढे तीन महिने घरीच कपडे धूत होतं.

नवरा जाऊन एकोणीस वर्षं झालेली. मूलबाळ नाही. सोबतीला धाकटी जाऊ, तीही आता एकटीच. ती दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी असायची, आणि तिच्या हातातली इस्त्री थांबली तरी तोंड थांबायचं नाही.

त्या सकाळी चादरी तशाच ठेवून भिंगबाई आत आली आणि तिनं चेकरचं गाठोडं सोडलं. दोनच सदरे होते. पहिला तिनं उलटा केला आणि हात जागच्या जागी थांबला. आतल्या बाजूला, अगदी खालच्या शिवणीपाशी, निळ्या शाईत एक चौकोन आणि चौकोनात चार आकडे.

तिची स्वतःची खूण म्हणजे कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे दोन टाके. ही खूण तिची नव्हती. सदरा दुसऱ्या कुठल्या तरी लाँड्रीत जाऊन आला होता.

चेकर म्हणजे बसमध्ये बत्तीस वर्षं तिकिटं तपासून निवृत्त झालेला माणूस. वय एकसष्ट. आईला सांभाळता सांभाळता लग्नाचं वय निघून गेलेलं. दीड वर्षापूर्वी तो पहिल्यांदा दोन सदरे घेऊन आला, तेव्हाच भिंगबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. सदरे स्वच्छ होते. घरी धुतलेले, घडी घातलेले आणि मग हातानं चुरगाळलेले. स्वच्छ कपडे धुवायला कोण आणतं? आधी तिला वाटलं, नगरपालिकेनं तपासणीला पाठवलाय. मग वाटलं, पलीकडच्या लाँड्रीवाल्याचा हेर आहे. जाऊ पोट धरून हसली. म्हणाली, "अहो जाऊबाई, तो कपडे दाखवायला येत नाही, तुम्हाला बघायला येतो." हे पटायला भिंगबाईला चार महिने लागले.

पटल्यावर तो रोज चार वाजता यायला लागला आणि दारापाशी स्टुलावर तासभर बसायला लागला. संशय हा त्याचाही धंदाच होता. जो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो त्याच्याकडे तिकीट नसतं, असं तो सांगायचा. मग दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यांना न्याहाळत बसायची. हा बायकोशी भांडून निघालाय, हिच्या पिशवीत काहीतरी लपवलेलं आहे, त्या पोरीनं आज शाळा बुडवलीय. दुसरी माणसं प्रेमात कविताबिविता करतात म्हणे. या दोघांचं असं चालायचं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यानं, नजर रस्त्यावरच ठेवून, विचारलं होतं की दुकानावरच्या तिच्या खोलीत आणखी एक माणूस मावेल का. ती विचार करून सांगते म्हणाली. सत्तावन्नाव्या वर्षी असा प्रश्न समोर आला की माणूस आधी आरशात बघतं, मग दरवाजाकडे, मग परत आरशात. तिनं ते सगळं करून झालं होतं. होकार अगदी जिभेच्या टोकावर आला होता, आणि आता ही खूण.

दुसऱ्या बाईचा केस सापडला असता तरी ती एवढी हादरली नसती. केस वाऱ्यानंही येतो. खूण कोणीतरी हातानं करावी लागते.

जाऊनं समजूत घातली की असेल काही घाई. भिंगबाई म्हणाली, पेन्शनवाल्या माणसाला घाई कसली? आणि गेले तीन बुधवार तो येत नाही, पेन्शनच्या कामाला जातो म्हणतो, तर दर बुधवारी पेन्शनचं काय काम असतं?  कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं जाऊलाही दिसायला लागलं.

चार वाजता तो आला. स्टुलावर बसला. आज जरा जपूनच बसला, असं तिला वाटलं, पण संशय आला की सगळंच तसं वाटतं. तिनं सरळ काही विचारलं नाही. हल्ली कपडे आणखी कुठं देता का, एवढंच सहज विचारल्यासारखं केलं.

चेकरनं मान वळवली आणि तो रस्त्याकडे फार मन लावून बघायला लागला.

भिंगबाईनं ओळखलं. तिकीट नव्हतं.

"वरची खोली लहान आहे," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. बरोबर आहे, म्हणाला. सदरे न घेताच गेला.

पुढचे काही दिवस भिंगबाई तो सदरा पिशवीत घालून गावातल्या चारही लाँड्र्या फिरून आली. चौकोनाची खूण कुणाचीच नव्हती. एका लाँड्रीवाल्यानं तर विचारलं, चोरीचा आहे का सदरा? तिसऱ्या ठिकाणी बसलेली म्हातारी फक्त हसली. अशा हसण्याला शिव्यांपेक्षा जास्त धार असते.

त्याच्या पुढच्या बुधवारी तिनं दुकान जाऊच्या हवाली केलं. इतक्या वर्षांत भर दुपारी ती पहिल्यांदाच गल्लाबिल्ला सोडून निघाली. चेकर ज्या बसमध्ये पुढच्या दारानं चढला, त्याच बसमध्ये ती मागच्या दारानं चढली आणि पिशवी तोंडासमोर धरून उभी राहिली. तो शेवटून दुसऱ्या थांब्यावर उतरला. तो मोठ्या इस्पितळाचा थांबा होता.

लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, भिंतीला टेकवलेली बाकं. एक तरणी नर्स पुढे आली, चेकरचा दंड धरला आणि काहीतरी बोलून हसली. भिंगबाई मनात म्हणाली, घ्या, सापडली.

तेवढ्यात शेजारून कपड्यांची ढकलगाडी गेली. वरच्या चादरीच्या काठाला निळा चौकोन, आत चार आकडे. तिनं त्यावर बोट ठेवलं.

गाडी ढकलणारा म्हणाला, बाई, हात लावू नका, वापरलेल्या आहेत. तिनं विचारलं की हा शिक्का बाहेरच्या माणसाच्या सदऱ्यावर कसा येतो. त्यानं सांगितलं की सलाईनची सुई सुटली, सदऱ्याला रक्त लागलं, तर एखादी दयाळू सिस्टर तो चादरींबरोबर खाली धुवायला पाठवते, आणि खाली जे जातं त्यावर शिक्का बसतो. खालचे लोक बघत नाहीत चादर आहे का माणसाचा सदरा.

भिंगबाईला क्षणभर हायसं वाटलं. बाई नव्हती. मग तिनं दारावरची पाटी वाचली. पाटीवर आजाराचं नाव होतं. तिनं ते दोनदा वाचलं. त्या एका क्षणाच्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढे कधीच धुऊन काढता आली नाही.

आत खुर्च्यांची रांग होती. शेवटच्या खुर्चीत चेकर, हाताला नळी लावलेली, मांडीवर फाईल. तिला पाहून तो दचकला नाही.

"मागच्या दाराशी हिरवी पिशवी होती," तो म्हणाला. "मला वाटलंच."

 कपडा घ्यावा तशी तिनं त्याच्या मांडीवरची फाईल घेतली, उजेडात धरली आणि तारखा बघायला लागली. पहिला रिपोर्ट होता तो त्यानं खोलीचं विचारलं त्याच्या अकरा दिवस आधीचा.

एक संशय मेला होता, पण जाता जाता दुसऱ्याला जन्म देऊन गेला. तो पहिल्याहून वाईट होता.

"म्हणजे माहीत असताना विचारलंत," ती म्हणाली.

"हो."

"सांभाळायला बाई हवी होती."

चेकरनं या वेळी नजर वळवली नाही. "आजार कळला नसता तर विचारायचं धाडसच झालं नसतं. आणखी दहा वर्षं सदरे चुरगाळून आणत राहिलो असतो." नळीचा हात सरळ करून तो म्हणाला, "आणि आधी सांगितलं असतं, तर तुमचा होकार मला होता की माझ्या आजाराला, हे मला कसं कळणार?"

तिला राग आला, आणि रागातही वाटलं की हा माणूस आपल्याच दुकानात घडलाय. पटलं का, तर अर्धंच. बोललेल्या शब्दाला ना वास असतो ना उलटी बाजू. तेही त्यानं ओळखलं. विश्वास ठेवू नका, म्हणाला, तपासून बघा.

तर असं ठरलं. तो एक पत्र्याची पेटी घेऊन वरच्या खोलीत राहायला आला, पण अट घालून. सकाळ संध्याकाळ एक नर्सबाई येईल, अंग पुसणं, औषध, अंथरूण सगळं ती बघेल. भिंगबाईनं कशाला हात लावायचा नाही. तिनं फक्त चार वाजता यायचं आणि शेजारी बसायचं, आधी बसायची तसं.

भिंगबाईनं अट मान्य केली, ती पारखायला. दोन महिने ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली, हा कधी मोडतो. जिन्यात उभी राहून कान देऊन ऐकायची, पाणी मागतो का. तो मागायचा नाही. भिंतीला धरून स्वतः माठापर्यंत जायचा, वाटेत दोनदा थांबायचा. खाली येऊन ती जाऊला म्हणायची, नाटकही असेल. जाऊ गरम इस्त्री हातात धरून तिच्याकडे बघत राहायची. एकदा तिनं सुनावलंच, "जाऊबाई, तो माणूस वाळत चाललाय आणि तुम्ही अजून डाग शोधताय."

चार वाजता मात्र खिडकीत दोघांच्या खुर्च्या असायच्या. त्याची नजर अजून शाबूत होती. खालून जाणाऱ्या एका जाड्या गृहस्थाला बघून तो म्हणाला, हा डॉक्टरकडून आलाय आणि घरी खोटं सांगणार आहे. कसं कळलं, तिनं विचारलं. तो म्हणाला की मी तसाच चालत होतो.

मग एका सकाळी नर्सबाईचा फोन आला की तिची बस बंद पडलीय, दुपारपर्यंत काही येत नाही. भिंगबाई वर गेली. चेकर भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीत शिरताच तिच्या नाकाला कळलं. चादर ओली होती.

तो म्हणाला, खाली जा, ती दुपारी येईलच. आवाज एवढासा झाला होता. ती दारात उभी राहिली. दुपारपर्यंत हा असाच पडून राहील आणि एक शब्द बोलणार नाही, हे तिला स्पष्ट दिसलं. एवढं नाटक कोणी करत नाही.

"तीस वर्षं अख्ख्या गावाच्या चादरी धुतल्या," ती म्हणाली. "तुमचीच तेवढी नको?"

"त्या गिऱ्हाइकांच्या. ही धुतलीत, तर याच्यासाठीच हा आला, असं तुमच्या मनात येईल."

"ते येऊन गेलं. आता कूस बदला."

त्यानं कष्टानं मान फिरवली आणि तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. बत्तीस वर्षांत हजारो चेहरे बघितले असतील, तसं. मग त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कूस बदलली. तिनं त्याला न उठवता, एका बाजूनं ओली चादर गुंडाळत आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी सरकवत, अंथरूण बदललं. एकही सुरकुती राहिली नाही. 

नर्सबाईला दुपारी जिन्यातूनच परत पाठवलं.

त्यानंतर एकोणीस दिवस मिळाले. विसाव्या दिवशी सकाळी, ती चहाचा कप घेऊन वर गेली तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून होता, आणि बघत नव्हता.

तो गेल्यावर पाचव्या दिवशी जाऊ म्हणाली, आठवडाभर दुकान बंद ठेवू.  भिंगबाई गॅसवर खळ चढवून उभी होती, हॉटेलच्या टेबलक्लॉथना दुपारपर्यंत कडक करून द्यायचं होतं. जाऊनं इस्त्री बाजूला ठेवली आणि तिला इतके महिने विचारायचं होतं ते विचारलं, की शेवटी पटलं का तुम्हाला, तो कशासाठी आला होता ते.

"त्या दिवशी कूस बदलताना त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला," भिंगबाई म्हणाली. "खोटा माणूस अर्धा भार स्वतःकडे ठेवतो." मग गॅसकडे बघत, "मीच ठेवला होता. आधी खोली लहान म्हणाले, मग दोन महिने जिन्यात कान देत उभी राहिले."

 जाऊनं पदर डोळ्यांना लावला.

"रडायचं तर तिकडे हो," भिंगबाई म्हणाली, "आणि तो डाव दे इकडे. गाठी व्हायला लागल्यात."

तिनं आच कमी केली आणि खळ तळापासून ढवळायला घेतली.