नामदेवभाऊंचं कोरडं डोकं

लहान पोरं आठ दिवसांत पोहायला शिकतात आणि कोणी शिकवलं तेही विसरतात. चाळिशीतले गडी शिकत नाहीत, त्यांचे नुसते किस्से साठतात! मी शाळेत पीटीचा सर. त्या वर्षी रोज सकाळी खाणीच्या कॉलनीतल्या स्विमिंग टँकवर शिट्टी घेऊन उभा राहायचो. बायको म्हणायची, "इतकं बोंबलून राह्यले रोज, तं एखादा पोहत काऊन नाई?"

विद्यार्थी दोनच. रशीदभाईंचं सायकलचं दुकान, नामदेवभाऊ कॉलनीतले गवंडी. सायकल आणि धावणं दोघांचंही पक्कं. आदल्या वर्षी दोघं नागपूरला ट्रायथलॉनला गेले, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. रशीदभाई कसेबसे तलावातून निघाले. नामदेवभाऊंची पोहण्यासाठीची अर्ध्या तासाची वेळ पाण्यातच संपली आणि त्यांना बोटीत घालून आणलं. सायकल काठावर तशीच उभी! तेव्हापासून अख्खी कॉलनी त्यांना 'बोटवाले भाऊ' म्हणायची. ते मला रोज ऐकवायचे, "सर, मेलो तं चालन, पण औंदा बोटीत नाई बसाचं!"

*

पहिला धडा श्वासाचा. रशीदभाईंना सांगितलं, "तोंड पाण्यात असलं की श्वास सोडायचा."

"समजलं!" म्हणाले आणि निघाले. पंधरा मीटरवर गडी जांभळा होऊन वर आला. खोकून खोकून बेजार.

"अहो, श्वास काऊन नाही सोडला?"

"सोडला ना! एकदम सोडून देल्ला! बिडी सोडली तवा बी इतकी तकलीफ नाई झाली, सर!"

*

मग पाय. हातात फळी दिली आणि म्हटलं, "गुडघ्यात वाकवू नका, मांडीपासून मारा." पण पायांना जन्मभराची सवय पेडलची. भाईंनी पाण्यातही पेडलच मारले. पाच मिनिटं असं पाणी उडालं की काठावर बसलेला मी ओलाचिंब झालो. आणि भाई? होते तिथून हातभर मागं!

"पुढं काऊन नाही येऊन राह्यले?" मी ओरडलो.

"चेन उतरली वाटते, सर!"

*

रशीदभाई परवडले. नामदेवभाऊंनी माझा घसा बसवला. हात उत्तम, पाय उत्तम, पण डोकं बदकासारखं वर. डोकं वर की कंबर खाली, आणि कंबर खाली की वेग गेला! शेवटी मी युक्ती काढली. "तळाला काळी पट्टी आहे ना, तिच्या फरश्या मोजत या."

भाऊ आले तसेच, मान ताठ. "एकशे बारा."

मी खाली उतरून मोजल्या. बरोबर एकशे बारा!

"डोकं न घालता कशा मोजल्या?"

"मोजाच्या कायले? म्याच बसवल्या ना त्या!"

*

त्या दिवशी मी शिट्टी फेकली. म्हटलं, "अहो, डोक्यात तुमच्या आहे तरी काय?"

"डोस्क्यात नाई सर, डोस्क्यावर," भाऊ शांतपणे म्हणाले. त्यांचं गाव वर्धा नदीच्या काठी, शाळा पल्याड. पाणी उतरलं की पोरं कपडे डोक्यावर बांधून पोहत जायची. "डोस्कं ओलं झालं म्हंजे कपडे ओले. कपडे ओले म्हंजे बापाचा मार."

"आता कुठी आहेत कपडे? बाप तरी कुठी आहे?"

"ते मले समजते, सर. मानेले कोन समजवन?"

*

शर्यतीच्या दिवशी नामदेवभाऊंची रबरी टोपी जरा फुगलेली दिसली. डोकं मोठं, टोपी लहान, म्हणून मी लक्ष दिलं नाही. शिट्टी झाली आणि भाऊ निघाले, मान ताठ! रशीदभाई बाहेर येऊन सायकलवर टांग मारून गेलेसुद्धा, आणि भाऊ अजून अर्ध्यात. मी काठानं बोंबलत पळतोय, "डोकं! डोकं घाला!"

तेवढ्यात एक बोट हळूहळू त्यांच्याकडे वळली.

भाऊंनी बोटीकडे पाहिलं. आणि बाप्पा! डोकं पाण्यात! कंबर वर आली, हात सपासप पडायला लागले, बोट मागं राहिली. मिनिटभर वेळ उरलेला असताना भाऊ स्वतःच्या पायांनी बाहेर! मला तर रडूच फुटलं. धावत जाऊन मी त्यांना मिठी मारली.

त्यांनी मला बाजूला ढकललं. डोक्यावरची टोपी ओढली, आतून सायकलीसाठी ठेवलेले मोजे काढले आणि माझ्या नाकासमोर पिळले.

"झालं समाधान? झाले ना ओले!"