आकाशातून दिसलेलं खाजण

माझ्या सासऱ्यांच्या शेताचं पाणी तोडायचं ठरलं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आणि ते ठरवलं आकाशातल्या एका यंत्राने. पाण्याच्या पकीदाने, म्हणजे इथल्या सरकारी कारकुनाने, मला अगदी तसंच सांगितलं. "मी म्हणत नाही, वरून दिसतंय," असं म्हणून त्याने बोट छताकडे केलं. छताला पंखा फिरत होता. "पंख्याला शेतीतलं काय कळतं?" मी विचारलं. तो हसला नाही. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सासरे मूळचे अलिबागकडच्या एका खेड्यातले. तिथून मुंबई, आणि मुंबईहून यहुद्यांच्या या नव्या देशात, नेतिवोत गावाच्या दक्षिणेला, जिथे शेतं संपून वाळवंट लागतं तिथल्या एका मोशावमध्ये. मोशाव म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी वसाहत. आमची कोकणातली यहुदी माणसं तिथे सर्वांत शेवटी पोहोचली, म्हणून आम्हाला सर्वांत खालचा, खोलगट कोपरा मिळाला. वरच्या अंगाला युरोपातून आधी आलेल्यांची मोठी वसाहत होती. त्यांची जमीन सपाट, त्यांचा स्वतःचा पाण्याचा साठा. आमच्या वाट्याला एका विहिरीचं मचूळ पाणी, तेही ठरवून दिलेलं.

मी शेतकरी नव्हे, राहायला नेतिवोतला. या देशात आलो तेव्हा कारखान्यात बाटल्या धुतल्या, मग हातगाडी घेतली, मग लॉरी. शेतकऱ्यांकडून भाजी उचलायची आणि बाजारात विकायची, हा माझा धंदा. कुणी मला काही हातावर ठेवलं नाही. लग्न लावायला गेलो तेव्हासुद्धा आम्ही खरे यहुदी आहोत का, म्हणून बायकोच्या आजी-पणजीपर्यंत चौकशी झाली. तेव्हापासून सरकारी टेबलासमोर उभा राहिलो की माझा आवाज आपोआप चढतो.

यंत्राची गोष्ट अशी. चार-पाच देशांचे तज्ज्ञ एकत्र येऊन जगात वाळवंट कुठे पुढे सरकतंय ते उपग्रहाच्या चित्रांवरून तपासत होते. आमच्या भागासाठी एक उंच परदेशी बाई आली होती. उन्हाने तिच्या नाकाची सालं निघालेली असायची आणि गळ्यात भिंग लटकत असे. तिच्या चित्रात जगाचे रंग वेगळेच होते. हिरवं पीक लाल दिसायचं, पाणी काळं, आणि मीठ चढलेली जमीन पांढरी. चित्रातला एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक शेत. सासऱ्यांचं शेत पांढरं आलं होतं. पांढऱ्या जमिनीला पाणी देणं म्हणजे पाणी वाया घालवणं, असा पकीदाने त्यावरून अर्थ काढला.

माझा अर्थ निराळा होता. शेतात मीठ चढलंय हे खरं होतं. टोमॅटोची पानं कडेने करपत होती आणि सऱ्यांवर पांढरा पापुद्रा धरला होता. पण ते मीठ वरच्या वसाहतीच्या साठ्यातून झिरपत येतंय, याबद्दल मला शंका नव्हती. पाणी खालीच येणार, आणि खाली आम्ही होतो. हे सिद्ध करायचं तर जुनी चित्रं हवीत. पांढरा रंग वरून खाली सरकत आलेला दिसला की पकीदाची बोलती बंद.

म्हणून मी त्या बाईला गाठलं. ती सासऱ्यांच्या शेताच्या फाटकाबाहेर जीपला टेकून उभी होती, हातात खोरं. मुंबईची इंग्रजी माझ्या उपयोगी पडली.

"खड्डे खणायचेत ना तुम्हाला?"

"हो. चित्रात जिथे जो रंग आहे, तिथे जमिनीत खरंच काय आहे ते बघायचंय. पण इथे मला कुणी फाटकातून आत घेत नाही."

"घेणारही नाहीत. तुम्ही खणलंत की त्या शेताचं पाणी तुटतं, असं सगळ्यांना वाटतंय."

"हे पसरवलं कुणी?"

"मीच."

ती मोठ्याने हसली. मग मी माझा सौदा सांगितला. सगळ्यांची भाजी मी उचलतो, माझ्या शब्दावर सगळी फाटकं उघडतील. बदल्यात आमच्या कोपऱ्याची जुनी चित्रं हवीत.

"एक देते."

"सगळी. आणि क्रमाने."

"सगळी माझ्याजवळ नाहीत. मागवावी लागतील."

"मागवा की. टपाल मला थोडंच उचलायचंय?"

फाटकं उघडली. तिने आमच्याकडे खणलं, शेजाऱ्यांकडे खणलं, वरच्या वसाहतीतही जाऊन खणलं. काही आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून चित्रं आली. मोशावच्या वाचनालयातल्या लांब टेबलावर तिने ती ओळीने मांडली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

पहिल्या चित्रात आमचा कोपरा आसपासच्या कोरड्या रानासारखाच राखाडी होता. पुढच्यात फिकट लाल, म्हणजे सासऱ्यांची पहिली पिकं. त्याच्या पुढच्या चित्रात त्या लालसर भागात एकच पांढरा ठिपका उमटला. मग तो शेजारच्या शेतांकडे पसरत गेला. वरचा साठा प्रत्येक चित्रात तसाच काळा, त्याच्याभोवतीची शेतं तशीच लाल. पांढरं वरून खाली येत नव्हतंच. ते आमच्यातून निघून बाहेर चाललं होतं.

"चित्रं उलट्या क्रमाने लावलीत तुम्ही," मी ओरडलो.

"मागे क्रम लिहिलाय. तुम्ही लावा."

मी लावली. पुन्हा तेच आलं. वाचनालयात पेपर वाचत बसलेले दोघं उठून निघून गेले.

"त्या शेतात नेमकं काय केलं होतं?" तिने विचारलं.

मला एव्हाना कळलं होतं. अलिबागच्या खाडीकाठी सासऱ्यांच्या वडिलांचं खाजण होतं. खाजण म्हणजे समुद्राच्या भरतीने खारावलेली जमीन. ती गोडी करायची रीत कोकणात जो तो जाणतो. भोवती बांध घालायचा, आत पाणी कोंडायचं आणि मीठ विरघळू द्यायचं. इथे पापुद्रा पहिल्यांदा दिसला तेव्हा सासरे घाबरले नव्हते. उलट "हा तर आपल्या ओळखीचा," असं म्हणून त्यांनी शेताला चारी बाजूंनी बांध घातला. दोरी लावून, स्वतःच्या हाताने. विहिरीचं मचूळ पाणी काठोकाठ भरून ठेवलं. आमची सगळी माणसं ते बघायला आली होती, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. परक्या देशात अखेर आपल्याला ठाऊक असलेलं काहीतरी सापडलं, याचाच सर्वांना आनंद झाला होता.

मी हे सांगितल्यावर बाईने पेन्सिलीने टेबलावरच्या कागदावर आडव्या रेघा काढल्या. पाणी खाली मुरलं, खालच्या घट्ट थरावर अडकलं, तिथलं मीठ घेऊन पुन्हा वर आलं. विहिरीच्या पाण्यातलं मीठ त्यात होतंच. "जमिनीखाली निचऱ्याचे पाइप असते तर धुऊन गेलं असतं," ती म्हणाली. "अशा खोलगट जागी ते आधीच टाकून द्यायचे असतात."

"कुणी?"

"जमीन देणाऱ्यांनी."

"वरच्या वसाहतीत टाकलेत?"

"टाकलेत. खणताना लागले."

मी टेबलावर मूठ आपटली. "मग हे लिहा! तुमच्या अहवालात लिहा."

"अहवालात फक्त जमिनीची अवस्था येते. ती कुणामुळे झाली, ते येत नाही."

"का येत नाही?"

"तसं लिहायला लागलो तर कुठलाच देश आम्हाला आत घेणार नाही. मग चित्रंही नाहीत आणि मोजणीही नाही."

"म्हणजे हा तुमचाही सौदाच."

"हो," ती म्हणाली.

मी तिच्याकडून एक चित्र मागून घेतलं आणि संध्याकाळी सासऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना दाखवलं. बायको चुलीशी होती. सासऱ्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला.

"यात माझं कुठलं?"

"हे पांढरं, मामा."

"एवढं स्पष्ट?" त्यांनी कडेवरून नख फिरवलं. "बांध सरळ आलाय."

यावर हसावं की काय करावं ते मला कळेना. मी पाइपांचं सांगितलं. वरच्यांना दिले आणि आपल्याला दिले नाहीत, हे दोनदा सांगितलं. त्यांना राग यावा अशी माझी इच्छा होती. माझा एकट्याचा राग पुरा पडत नव्हता.

त्यांनी चित्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमचे वडील पाणी कोंडायचे आणि मीठ विरघळल्यावर ओहोटीची वाट बघायचे, जावई. समुद्र मागे हटला की बांधातली उघाडी, ती फळीची झडप, काढायची. सगळा खार खाडीत. मी बांध घातला, पाणी भरलं, वाट बघितली. पण ओहोटी? इथं ओहोटी कुठून येणार होती?"

"बाबा, जेवून घ्या," बायको म्हणाली. ते जेवले नाहीत.

मी मात्र हिशेब मांडून बसलो होतो. शेताच्या पाण्याचा मुख्य नळ एका लोखंडी पेटीत होता आणि पेटीच्या कुलपाची चावी सासऱ्यांकडे होती. कुलूप फोडायचं तर पकीदाला परदेशी पाहुण्यांदेखत म्हाताऱ्याच्या शेतात हातोडा चालवावा लागणार, आणि ते त्याला परवडणारं नव्हतं. वरच्या अंगाला, पाइप टाकलेला एक तुकडा पडीक होता. माझा सौदा असा: तो सासऱ्यांच्या नावावर करा आणि चावी घ्या. "मामा, चावी हातची सोडायची नाही. बोलायचं ते मी बोलेन," असं मी त्यांना बजावलं. त्यांनी चावीची दोरी सदऱ्याच्या आत सरकवली. मी ते होकार समजलो.

पकीद आला तेव्हा बाईही सोबत होती. मी फाटकात आडवा उभा राहिलो.

"चावी मिळेल. पण आधी त्या पडीक तुकड्याचं काय ते बोला."

"त्याचा इथे काय संबंध?" पकीद म्हणाला.

"संबंध पाइपांचा आहे. विचारा या बाईंना."

बाई खाली बघत होती. पकीदाने बाईकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा चलबिचल दिसली. मला ती दिसली. अशी चलबिचल मी रोज बाजारात बघतो. समोरचा माणूस आता खाली उतरणार, हे त्यावरून कळतं. आणखी दोन वाक्यं पुरली असती.

तेवढ्यात मागून सासरे आले. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला घालतात तो पांढरा सदरा घातला होता. "जावई, तुम्ही गप्प राहा," ते मराठीत म्हणाले. मग गळ्यातली दोरी काढून त्यांनी चावी पकीदाच्या हातात ठेवली आणि मोडक्या हिब्रूत म्हणाले, "बंद करा. शेजाऱ्यांची जमीन पण जातेय."

पकीदाने चावी खिशात टाकली. "तोदा," म्हणजे आभार, एवढा एकच शब्द त्याने उच्चारला. किती वर्षं राबलात, कुठे जाणार, काहीही विचारलं नाही. दोन वाक्यांनी मला जे मिळणार होतं, ते त्याला न मागता मिळालं.

"मामा, फुकट दिलीत तुम्ही!" गाडी गेल्यावर मी ओरडलो.

"आणखी मीठ वर यायचं थांबलं," ते म्हणाले. "ते फुकट कसं?"

तो पडीक तुकडा पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. सासरे नेतिवोतला आमच्या घरी राहायला आले आणि शेताचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांच्याशी मी कितीतरी दिवस नीट बोललो नाही. त्यांनी बरोबर केलं असेल. शेजाऱ्यांची जमीन वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मला ते अजून पटत नाही, कारण चूक निम्मीच त्यांची होती आणि भरपाई त्यांनी सगळी केली. अहवाल छापून आला तेव्हा बाईने त्याची एक प्रत माझ्या नावाने पाठवली. त्यात आमचा पांढरा ठिपका आहे, त्याच्या शेजारी जमिनीचा दर्जा लिहिलेला आहे. त्या ठिपक्याखाली कधी पाइप टाकले नव्हते, हे त्यात कुठेही नाही. ते निदान इथे असू दे.