आत्याचा नारळ आणि माझं भाषण

सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की एके काळी भारताचं स्वातंत्र्य लंडनमधल्या एका भाड्याच्या खोलीत, माझ्या एकट्याच्या देखरेखीखाली सुखरूप होतं. घरमालकीण चहा ओतताना खवचटपणे विचारायची, "तुमच्याकडे खरंच कोणीही कुठेही जाऊ शकतं?" मी हात फैलावून उभा राहायचो. "माझी आत्या घरातून निघते आणि कोणाला न विचारता थेट समुद्रात पाय बुडवते!" आत्या हा माझा हुकमी पुरावा होता.

साठ सालानंतरच्या एका श्रावणात रजेवर आलो. बोईसर स्टेशनवर उतरलो, आणि पुराव्याच्या गावाला पोचलो. तारापूरच्या बाजूला मोठं सरकारी बांधकाम निघालं होतं. आत्याच्या नवऱ्याची होडी जिथून सुटायची, तो किनारा तारेच्या कुंपणाआड गेला होता. एकदा त्याला घेऊन गेलेली ती होडी परतलीच नाही. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला आत्या तिथूनच नारळ सोडवायची. सोडायचा घरातल्या पुरुषाने, ओहोटी लागायच्या आत. तिने शेजारी उभं राहून पाण्याकडे बघत नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे. यंदाचा पुरुष मी. खिशात तीन दिवसांनी गावच्या शाळेत द्यायचं झेंडावंदनाचं भाषण.

"पास?" फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. उत्तरेकडचा माणूस, दुपारच्या उकाड्याने आमच्याइतकाच शिणलेला.

"कुठे मिळतो?"

"ऑफिस में. आज बंद है. नारळी पूर्णिमा की छुट्टी."

मी पासपोर्ट काढला. त्याने शिक्के पाहिले आणि एकदम सलाम ठोकला.

"आप जाइए साब. बाहर से आए हैं, मेहमानों की बही में लिख देंगे. माताजी तो यहीं की हैं. इनको पास लगेगा."

मग मी भाषण काढलं. कागद न बघता, हातवाऱ्यांसकट, पहिला परिच्छेद पूर्ण. त्याने अदबीने ऐकून घेतलं.

"जी साब. पास?"

"झालं तुजं?" आत्या म्हणाली. तिचं लक्ष पाण्याकडे होतं. "भरती थांबली. आता उतरंल. तू जा."

"तू नसताना कसा सोडू?"

"पाव्हना हायस ना? मग जा. हितल्यांना कोन सोडतंय!"

पाहुण्यांच्या वहीत सही केली. सोनेरी कागदातला नारळ उराशी धरून एकटाच वाळूतून चालत निघालो. लंडनला पोचल्यावर घरमालकिणीला काय सांगायचं, ते भाषणात कुठेच नव्हतं. उभा जन्म ज्या जागेची फुशारकी मारली, तिथे मी मेहमान होतो, आणि पुरावा तारेपलीकडे ताटकळत होता.

गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ सोडला. तो जरा घुटमळला. मागून आत्या जोरात ओरडली,

"सांग त्यांना, मी आलेय! तारेपाशी उबी हाय! मला आत सोडत नाय, म्हनून सांग!"