हिरड्याचा विसावा

त्या वर्षी मी वरसूबाईला पहिली ओंजळ वाहिली नाही. हे प्रथम सांगतो, कारण पुढचे सारे त्यातून घडले.

आमच्या मढच्या बाजूला हिरड्याची झाडे कुणी लावलेली नाहीत. ती डोंगरात आहेत. कोवळा बाळहिरडा उतरवायचा, वाळवायचा आणि विकण्याआधी त्यातली एक ओंजळ डोंगरावरच्या वरसूबाई देवीच्या पायाशी ठेवायची, अशी रीत. वडील लवकर गेले. आईने मला या हिरड्यावरच वाढवले. चौथीनंतर मी शाळा सोडली, जुन्नरच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे पोती उचलली आणि पुढे त्याच्याच मालाची पारख करू लागलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नरबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये हिरडा दळण्याची स्वतःची चक्की सुरू केली. कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी घेऊन मी कुठे गेलो नाही. याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. मात्र त्या वर्षापर्यंत त्यात एक खोट शिरली होती. जे मिळाले ते केवळ माझ्या हातांनी मिळवले, आणि ओंजळीसाठी डोंगर चढण्यात दिवस घालवणे हा कामाचा खोळंबा आहे, असे मला वाटू लागले होते.

त्याच हंगामात परदेशातील एका औषध कंपनीची मागणी आली. त्यांना अखंड, काळाभोर, आतपर्यंत वाळलेला बाळहिरडा हवा होता. वैशाख संपण्यापूर्वी नमुना पाठवायचा होता. मी जुन्नरच्या करीमभाई मिस्त्रींकडून गरम हवेचे वाळवणयंत्र बांधून घेतले. हिरडा खरेदीचा रीतसर परवाना काढला आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन सांगितले, "खडकावर वाळवत बसू नका. ओलाच आणा, सगळा घेतो." लोकांनी ऐकले, कारण सांगणारा त्यांच्यातला होता. बायाबापड्यांनी हंगामाचा सगळा माल माझ्या शेडमध्ये आणून ओतला.

यंत्र न थांबता चालले. हिरडा काळा पडला, पोती भरली, थप्प्या लागल्या. चौथ्या दिवशी एक पोते उघडले, तर आत पांढरी बुरशी. दुसऱ्यातही तीच. उष्णता वाढवली, तेव्हा साल तडकली आणि गर ओलाच राहिला. करीमभाईंनी यंत्र दोनदा खोलून जोडले.

"शेठ, मशीनमध्ये खोट न्हाई," ते म्हणाले. "असली तर माझं नाव बदला."

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच मला भीती वाटली. नमुन्याला पंधरा दिवस उरले होते. मागणी गेली असती तर मी सोसले असते. परंतु ज्या लोकांनी पिढ्यांची पद्धत माझ्या एका शब्दावर सोडली, त्यांचा माल माझ्या दारात सडला असता. पुढच्या वर्षी डोंगरातून एक फळही माझ्याकडे आले नसते आणि कारखाना कायमचा बंद पडला असता. हे मी कुणाजवळ बोललो नाही.

आईला कामावरच्या बायांकडून कळले. ती म्हणाली, "ओंजळ न्हाई वाह्यलीस."

"देवी काय यंत्र दुरुस्त करणार आहे?" मी विचारले.

"तिला काय करायचं ते ती करंल. तू जाऊन ये."

मी गेलो तो श्रद्धेने नव्हे. करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. शेवटच्या वस्तीपर्यंत जीप नेली आणि पुढची चढण पायी चढलो. बुरशी नसलेल्या पोत्यातला हिरडा रुमालात बांधून घेतला होता. देवळाच्या पायरीशी एक म्हातारी बसली होती. मी तिला पूर्वी पाहिले नव्हते. मी रुमाल सोडला, तशी तिने न विचारता एक हिरडा उचलला आणि दाढेखाली धरला.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

"मढचा."

"मढचा? आन् असला हिरडा देवीला?" तिने तो थुंकून टाकला. "वरनं वाळलाय, आतून वलाच हाय. ह्याला दम खाऊ दिला न्हाई तुमी."

मी म्हणालो, आमच्याकडे यंत्र आहे, ऊन लागत नाही.

"आसंल की. पर यंत्र आतलं पानी वढून काढतं का? ते आपल्या पावलानं भायेर येतं. दिसभर तापवायचा, सांजंला रास करून घोंगडी टाकायची. रातभर हात लावायचा न्हाई. सकाळी बघा, घाम फुटलेला आसतो. मग परत तापवायचा." मग माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहून म्हणाली, "इस्त्रीवालं दिसता. मालाला तेवढा इसावा द्या."

मी पायरीवरच बसलो. लहानपणी दर संध्याकाळी खडकावरची रास करून आईबरोबर घोंगडी मीच पांघरली होती. ती दवासाठी, असे मी समजत आलो होतो. शेडमध्ये दव कुठले, म्हणून घोंगडी गेली आणि तिच्याबरोबर मधला विसावाही गेला. आईलाही कारण ठाऊक नव्हते. तिच्या आईने केले ते ती करत आली होती. मी ओंजळ वाहिली, डोके टेकले. बाहेर आलो तेव्हा पायरीवर कुणी नव्हते.

खाली आल्यावर सगळी पोती रिती केली, बुरशीचा माल वेगळा काढला आणि संध्याकाळी यंत्र बंद करायला सांगितले.

"मशीनला काय थकवा येतो व्हय शेठ?" करीमभाई हसले. परंतु घोंगड्या त्यांनीच बाजारातून आणल्या.

सकाळी राशीत कोपरापर्यंत हात घातला. हात ओला निघाला. असे तीन दिवस केले. चौथ्या सकाळी करीमभाईंनी एक हिरडा फोडला. कट् असा आवाज झाला. बाया काम थांबवून बघत होत्या. फोडलेला हिरडा मी आईकडे पाठवून दिला. नमुना मंजूर झाला, माल वेळेत गेला आणि पुढच्या वर्षी त्याच वस्त्यांनी दुप्पट हिरडा आणला.

त्या म्हातारीची मी चौकशी केली. आसपासच्या कुठल्याही वस्तीवर तिला कुणी ओळखत नव्हते. घाटाखालची कुणी असेल, असे एकाने सांगितले. असेल. मी शोध थांबवला. ती कोण होती हे कळल्याने माझे ऋण कमी होणार नव्हते.

आज जुन्नर आणि घोडेगाव धरून तीन कारखाने आहेत. डोंगरातल्या घराघरांतले कुणी ना कुणी तिथे कामाला आहे. हे मी उभे केले, असे मी आजही ताठ मानेने सांगतो. मी कष्टाला कधी कमी पडलो नाही. कष्ट केल्यावर हात काढून बाजूला उभे राहणे मात्र मला येत नव्हते, आणि ते मला त्या पायरीवर शिकायला मिळाले. तिन्ही ठिकाणी संध्याकाळी यंत्र थांबते, रास होते, घोंगड्या पडतात. नवे इंजिनियर विचारतात, "साहेब, सकाळपर्यंत आपण काय करायचं?"

मी सांगतो, काही नाही. आपले काम झाले. आता वरसूबाईचे चालू आहे.